पायाकडची फळी

१

भाऊसाहेबांनी अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या घंटीवर नोकरी केली. साहेबांनी टेबलावरची घंटी दाबली की उठायचं, फाइल काखोटीला मारायची आणि आत जाऊन उभं राहायचं. निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या लोकांनी त्यांना भेट म्हणून एक पितळी घंटीच दिली. "आता तुम्ही वाजवा," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे पोट धरून हसले. ती घंटी घरी आली आणि महिन्याभरात सासूबाईंच्या उशाशी जाऊन बसली. म्हणजे भाऊसाहेबांची नोकरी चालूच राहिली, फक्त पगार थांबला.

सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. तासाला एकदा तरी घंटी वाजायची. कधी पाणी हवं म्हणून, कधी कूस बदलायची म्हणून, आणि कधी नुसतं "कुणी जागं आहे का?" एवढं विचारायला. भाऊसाहेबांनी रेघा आखून कोण कधी उठायचं याचा तक्ता केला, भिंतीवर लावला. तक्ता उत्तम होता. पण घंटी तक्ता वाचत नसे. पाळी कुणाचीही असो, जागे दोघंही व्हायचे, आणि ज्याची पाळी नसे तो छताकडे बघत पडायचा.

रविवारी मेहुणी येऊन आईला सकाळी दहा ते सहा स्वतःच्या घरी घेऊन जाई. आठवड्यातले तेवढे आठ तास त्यांचे. पण गंमत अशी, की घंटी सासूबाईंबरोबर गेली तरी कान घरीच राहत. भर दुपारी डोळा लागता लागता भाऊसाहेबांची बायको दचकून उठे आणि रिकाम्या खोलीत जाऊन उभी राही. "वाजली ना?" ती विचारी. वाजलेली नसे. भाऊसाहेबांनाही ऐकू आलेली असे, ही गोष्ट वेगळी.

घराबाहेर कुठेतरी झोपायला हवं, हे दोघांनाही कळत होतं. म्हणून भाऊसाहेबांनी बोट घेतली.

२

जुनी, लहान, लाकडी बोट. घरापासून चालत दहा मिनिटांवर, कालव्याच्या धक्क्याला बांधलेली. इंजिन कधीच गेलेलं होतं, आणि भाऊसाहेबांना कुठे जायचंही नव्हतं. चार पायऱ्या उतरलं की बुटकी खोली, आणि खोलीच्या पुढे बोटीच्या टोकात बसवलेली झोपायची जागा. डोक्याकडे रुंद, पायाकडे निमुळती, उलट्या धरलेल्या इस्त्रीसारखी.

विकणारा माणूस मोठा टवटवीत होता. गाल भरलेले, डोळे स्वच्छ. अशी झोप झालेली माणसं भाऊसाहेबांनी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती.

"का विकताय?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न विचारायचा असतो, म्हणून विचारला.

"झोप फार लागायला लागली हो इथे," तो म्हणाला, आणि हसला नाही.

हे ऐकून जो माणूस बोट घेणार नाही त्याला सासूबाई नसाव्यात. भाऊसाहेबांनी लगेच किल्ल्या घेतल्या.

पहिल्याच रविवारी बायको आली, पायऱ्या उतरली, आडवी झाली आणि दहा मिनिटांत उठून बसली.

"अहो, हे काय आहे? पाठीखाली दगड, भिंतीला ओल, आणि वास म्हणजे भिजलेल्या पोत्याचा. आणि पाय कुठे ठेवायचे माणसानं? डोक्यावर?"

पायाकडे एक उभी फळी ठोकलेली होती. तिच्यामुळे झोपायची जागा जेमतेम पाच फूट राहत होती.

"जरा गुडघे वाकवलेस तर..."

"चार वर्षं सगळंच वाकवून झालंय," ती म्हणाली. "आधी नीट करा, मग बोलवा. मी घरी जाते. निदान तिथं छताशी तरी ओळख आहे."

भाऊसाहेबांनी खिशातून वही काढली आणि तक्रारी क्रमवार लिहून घेतल्या. एक, कठीण. दोन, ओल. तीन, वास. चार, पाय. तक्रारी निकाली काढणं हे काम त्यांना येत होतं.

३

रोज दुपारी दोन ते चार सासूबाईंची जबाबदारी बायकोची. तेवढ्या वेळात भाऊसाहेब बोटीवर जाऊन काम करत.

जुनी गादी उचलली तर खाली काळा बुरा. तो खरवडला, लाकूड वाळवलं आणि गादीखाली हवा खेळावी म्हणून बोटभर अंतरावर लाकडी पट्ट्या बसवल्या. ओल संपली. बाजूच्या भिंतींना बुचाच्या पातळ लाद्या चिकटवल्या, त्यामुळे लाकडाचा गारवा तर गेलाच, बाहेर पाणी चापट्या मारायचं तोही आवाज मऊ झाला. वास जावा म्हणून पायाच्या बाजूला, छतात, हातभर चौकोन कापला आणि त्यावर उघडझाप होणारी झडप बसवली. आता उताणं पडलं की पावलांवर आभाळाचा एक तुकडा दिसे.

गादीसाठी त्यांनी जुनी वर्तमानपत्रं चिकटवून जागेच्या आकाराचा नमुना कापला आणि बाजारामागच्या गल्लीतल्या गादीवाल्याकडे नेला.

गादीवाला हाडकुळा, बोलका आणि स्वतःच्या कामावर खूश असलेला माणूस. त्याच्या दुकानात लोकांच्या वापरलेल्या गाद्या भरायला येत, आणि तो त्यांच्यावरून हात फिरवून मालकांची कुंडली सांगे.

"ही बघा," एका गादीवर तळवा ठेवून तो म्हणाला. "बाई डाव्या कुशीवर झोपते, नवरा काठावर. म्हणजे भांडण जुनं आहे. आणि ही बघा, हा माणूस झोपतच नाही. बसून असतो. कमरेखाली खड्डा आणि वर गादी कोरी." त्यानं भाऊसाहेबांकडे पाहिलं. "तुमची जुनी गादी अशीच असेल, भाऊसाहेब."

"ती जाळली," भाऊसाहेब म्हणाले.

"बरं केलंत. पुरावा ठेवू नये."

चौथी तक्रार राहिली होती, पाय. फळी काढायला भाऊसाहेब वाकले आणि चष्मा पुसून पुन्हा वाकले. चार स्क्रूंचं काम होतं. लावलेले सोळा होते. काही स्क्रू जुने, गंजलेले, काही नवे, जणू कुणी मधूनमधून येऊन दोन-दोन वाढवून गेलं होतं. लोकांना स्क्रू वाया घालवायची हौस असते, असा शेरा मनातल्या मनात मारून त्यांनी एकेक काढला.

फळीमागे नांगराचा दोर ठेवायचा कप्पा होता. रिकामा आणि कोरडा. भाऊसाहेबांनी टेप आत सरकवली. दीड फुटावर बोटीच्या दोन्ही भिंती एकमेकींना मिळत होत्या, पुढे लाकूड. म्हणजे पाच आणि दीड, साडेसहा फूट. भाऊसाहेब साडेपाच फूट, बायको त्याहून कमी. तक्रार निकाली. गादीवाल्याकडून त्यांनी दीड फुटाचा तिकोनी तुकडा करून घेतला आणि मोठ्या गादीला शिवून टाकला.

४

बायकोला बोलवण्याआधी स्वतः झोपून बघावं, म्हणून एका दुपारी ते आडवे झाले. पाच मिनिटं पाठ टेकू, असं म्हणाले.

उठले तेव्हा झडपेतलं आभाळ पिवळं पडलं होतं. साडेतीन तास. चार वर्षांत सलग साडेतीन तास! त्यांना रडू यायला लागलं, आणि मग आपण रडतोय हे बघून हसू. घरी बायको चिडली होती. पण त्यांचा चेहरा बघून ती नुसतं म्हणाली, "बरं आहे एका माणसाचं."

चालत घरी येताना मात्र एक लहानशी गोष्ट त्यांच्या मागे मागे आली होती. झोपेत त्यांचे तळवे कशाला तरी टेकलेले होते. काहीतरी ऊबदार होतं ते. जागे होता होता त्यांनी ते अनुभवलं होतं आणि बरं वाटून पुन्हा डोळे मिटले होते. पण साडेसहा फुटांतून साडेपाच गेले की एक फूट उरतो. मग पाय टेकले कशाला?

त्यांनी विचार केला. झोपेत माणूस खाली घसरतो. लाकूड उन्हानं तापतं. दोन कारणं पुरे होती, कचेरीत तर एकावर भागायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डोक्याशी, गादीच्या काठाला पेन्सिलीनं रेघ मारली, तिच्यावर टाळू टेकवून झोपले आणि अडीच तासांनी उठले. टाळू रेघेवरच होती. तळवेही टेकलेले होते. ते हलले नाहीत. आधी त्यांनी उजवा तळवा अगदी हळू दाबला, कागदावर शिक्का बसलाय का बघतात तसा.

तिकडूनही तेवढाच दाब आला.

बोट हलते. पाणी हलतं, बोट हलते, बोटीतलं सगळं हलतं. भाऊसाहेबांनी हे स्वतःला दोनदा सांगितलं आणि पाय पोटाशी घेऊन उठून बसले. झडपेतून ऊन पडलं होतं. कप्प्यात गादीचा तिकोन होता, त्यापुढे लाकूड होतं, बस्स. त्यांनी टेप पुन्हा आत घातली. दीड फूट. टेपला काय, ती कुणाच्याही बाजूनं साक्ष देते.

तरीही ते तिसऱ्या दिवशी झोपायला गेले, आणि पुढेही जात राहिले; बायकोला मात्र काम अजून बाकी आहे, असं सांगत. यात धाडस वगैरे काही नव्हतं. इतका दमलेला माणूस, गादी कुणाबरोबर वाटून घ्यायची आहे, हे फार खोदून विचारत नाही.

५

महिन्याभरात शिवण उसवली, म्हणून ते गादी खांद्यावर टाकून गादीवाल्याकडे गेले. त्यानं ती पसरली, सवयीनं हात फिरवला आणि हसला.

"लबाड आहात. एकटाच झोपतो म्हणालात."

"एकटाच झोपतो."

"अहो, गादी खोटं बोलत नाही. दोघं आहेत. हे तुम्ही, खांदा, कंबर, ही टाच टेकते ती जागा. आणि इथून दुसरा. ह्या त्याच्या टाचा, तुमच्याकडे वळलेल्या. ह्या पिंढऱ्या. तळव्याला तळवा लावून झोपता. लहानपणी भावंडं झोपायची ना एका गादीवर, एकाचं डोकं इकडे, दुसऱ्याचं तिकडे, तसं." त्यानं तिकोनाच्या टोकापर्यंत हात नेला आणि तो तिथे थांबला. "पण इथं तर गादी संपली. गुडघ्यापासून वरचा माणूस गादीबाहेर झोपतो?"

भाऊसाहेब आईवडिलांना एकुलते एक होते.

"तुमच्या घरातलं मला काय करायचंय," गादीवाला सुईत दोरा ओवत म्हणाला. "पण बिचाऱ्याला उघड्या लाकडावर झोपवता, हे काही बरं नाही."

त्याच दुपारी भाऊसाहेबांनी तिकोन कापून काढला, फळी जागेवर लावली आणि सोळाच्या सोळा स्क्रू आवळले. शेवटचा आवळताना त्यांच्या लक्षात आलं, की खिशात आणखी दोन आहेत. आपण ते कधी घेतले हे त्यांना आठवेना. तेही लावले.

६

बोटीवर झोपणं बंद झालं. भाऊसाहेबांचे डोळे पुन्हा खोल गेले. बायकोचे तर तिथून बाहेर आलेच नव्हते.

गुरुवारी तिनं सासूबाईंना, म्हणजे स्वतःच्या आईला, दुपारची गोळी दिली. अर्ध्या तासानं पुन्हा दिली. मग स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली, आणि गोळी द्यायची राहिली म्हणून तिसरी घेऊन आली. भाऊसाहेब दारात आले म्हणून तिचा हात धरता आला. डॉक्टर येऊन गेले. दोन निभावल्या, म्हणाले, तिसरी निभावली नसती.

मेहुणी धावत आली. "ताई, अगं जीव घेशील तिचा! भाऊजी, तुम्ही तरी बघा. ही उभ्या उभ्या झोपतेय!"

बायको पलंगाच्या कडेला बसून तळहातावरच्या तिसऱ्या गोळीकडे बघत होती. तिनं अगदी शांतपणे विचारलं, "ही मी दिली की नाही?"

रविवारी भाऊसाहेब तिला हाताला धरून बोटीवर घेऊन गेले.

ती आडवी झाली. गादी मऊ होती, भिंत कोरडी होती, वास नव्हता. तिनं सगळ्याचं थोडं थोडं कौतुक केलं, जसं आजारी माणूस भेटायला आलेल्यांचं करतो. मग या कुशीवर, मग त्या कुशीवर. मग गुडघे पोटाशी. अर्ध्या तासानं ती उताणी होऊन रडायला लागली. आवाज न करता, नुसतं डोळ्यांच्या कडांनी कानांत पाणी.

"अहो, पाय सरळ करायचेत मला," ती म्हणाली. "एवढंच. दुसरं काही नको. ती फळी काढता येत नाही का?"

"येते," भाऊसाहेब म्हणाले.

अठरा स्क्रू काढायला बराच वेळ लागतो. तेवढा सगळा वेळ त्यांना विचार करायला होता. सांगता आलं असतं. दहाव्या स्क्रूला ते थांबलेही. पण सांगायचं काय? आणि सांगून झाल्यावर तिला न्यायचं कुठे? घरी, घंटीकडे, आणि गोळ्यांच्या डबीकडे? त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती स्क्रूकडे बघत होती, पाण्याच्या पेल्याकडे बघावं तशी.

त्यांनी अकरावा काढला.

फळी निघाली. कापून ठेवलेला तिकोन त्यांनी आत सारला. बायकोनं पाय लांब केले, एक मोठा उसासा टाकला आणि तो संपायच्या आत ती झोपली.

७

भाऊसाहेब पायऱ्यांवर बसून राहिले. एक तास गेला, दीड गेला. तिचा श्वास संथ चालू होता. आधी त्यांना तो एकच वाटला. मग वाटलं, श्वास आत जातो आणि बाहेर येतो, त्याच्या मधल्या फटीत आणखी काहीतरी आत जातं आणि बाहेर येतं. पाणी असेल. बुचाच्या लाद्या लावल्यापासून पाण्याचा आवाज कुठून येतो हे कळेनासंच झालं होतं.

ते उठले, बाहेर आले, टपावरून चवड्यांवर चालत टोकाकडे गेले आणि ओणवे होऊन त्यांनी झडप चार बोटं उघडली.

खाली उन्हाची पट्टी पडली. पांघरूण सरकलेलं होतं. बायकोची पावलं त्यांना चाळीस वर्षांच्या ओळखीची, डाव्या अंगठ्याचं नख तिरपं. त्या पावलांना तळव्याला तळवा लावून दुसरी दोन पावलं होती. उजेड न लागलेल्या, फिकट कातडीची. पलीकडे, जिथे लाकूड असायला हवं होतं, तिथे ती कुठल्याशा अंधारातून आलेली होती, आणि तो अंधार दीड फुटांत संपत नव्हता.

ऊन पडताच त्या पावलांनी बोटं आखडली. झोपलेल्या माणसावर उजेड आला की तो आखडतो, तशी.

भाऊसाहेबांनी झडप हळूच लावून घेतली. झोपमोड होऊ नये म्हणून. असं आपण का केलं, हे त्यांना बराच वेळ कळलं नाही.

ती सहाला पाच कमी असताना उठली. आठवडाभर उकळत ठेवलेल्या माणसाला कुणी थंड पाण्यातून काढावं, तसा तिचा चेहरा झाला होता. केस नीट करत ती पायऱ्यांपाशी आली आणि भाऊसाहेबांच्या खांद्याला धरून वर चढली. चार वर्षांपूर्वी हसायची तशी ती हसली.

"अहो, इतकं बरं वाटलं. आईला घेऊन आली असेल ती, चला लवकर. तिच्या सगळ्या गोळ्या आज मी मोजून देते, बघाच तुम्ही." चार पावलं गेल्यावर ती थांबली. "एक करा. त्या बाजूला पण एक उशी ठेवा."

"त्या बाजूला?" भाऊसाहेबांनी विचारलं. "तिकडे जागा कुठे आहे?"

"आहे की," ती म्हणाली, आणि पुढे चालायला लागली.

८

बुधवारी भाऊसाहेब गादीवाल्याच्या दुकानात गेले. इकडचं तिकडचं बोलले. गिऱ्हाइकं जाऊ दिली. मग म्हणाले, "एक उशी हवी होती."

गादीवाल्यानं चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढला, कानावरची पेन्सिल काढली.

"उंच करू की पातळ?"

"पातळ," भाऊसाहेब म्हणाले. "उंच उशीनं मान अवघडते त्याची."

गादीवाल्यानं 'पातळ' असं लिहिलं आणि चिठ्ठी सुईला टोचून ठेवली. भाऊसाहेब तिथेच उभे राहिले. आपण आत्ता काय बोललो, ते त्यांनी मनातल्या मनात पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पुन्हा वाचलं. चूक सापडली नाही.

"शनिवारी दिली तर चालेल का?" गादीवाल्यानं विचारलं.

"उद्या झाली तर बरं," भाऊसाहेब म्हणाले. त्यांचे डोळे मिटत होते, आणि रविवार अजून चार दिवस लांब होता.